मेण थिजू द्यावं

कापडावर मेण सांडलं की हात आपोआप पुढे जातो. रुमाल असला तर रुमालानं, नसला तर बाहीनं, काहीच सुचलं नाही तर नुसत्या बोटानं आपण ते पुसायला धावतो. पाणी सांडो, शाई सांडो, तेल सांडो, लहानपणापासून अंगवळणी पडलेली हीच सवय. शाईच्या बाबतीत ती घाई कामाची असते. मेणाच्या बाबतीत त्या एका फटकाऱ्यात नखाएवढा थेंब तळहाताएवढा होतो, कापडावर नुसतं बसलेलं मेण विणीत घुसतं, आणि जे थोड्या वेळानं अलगद उचलता आलं असतं त्याच्याशी मग पुढे कितीतरी वेळ झटापट करत बसावं लागतं.

आमच्याकडे रफू, निघालेली शिवण, हट्टी डाग अशी कामं माझ्या वाट्याला येतात, आणि खरं सांगायचं तर मला ती आवडतात. त्यामुळे मेणाबद्दल विचारणारेही बरेच. माझं पहिलं उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो. मेणबत्ती विझवा, बाजूला ठेवा आणि कापडाला हात लावू नका. थिजू द्या. विचारणाऱ्याला काहीतरी करायला हवं असतं, एखादी पावडर, एखादा द्रव, निदान जोरात घासायला तरी सांगावं अशी अपेक्षा असते. थांबण्याचा सल्ला हा सल्लाच वाटत नाही.

पण थेंबाचं काय होतं ते एकदा पाहिलं की थांबणं सोपं जातं. मेणबत्तीच्या ज्योतीचा सर्वांत तप्त भाग साधारण १४०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, हे वाचून कापड जळेल अशी भीती वाटते. मात्र ओघळतं ते ज्योतीतलं मेण नव्हे, तर तिच्या खाली साचलेल्या डबक्यातलं. ते डबकं चहूबाजूंनी घट्ट मेणानं वेढलेलं असतं, त्यामुळे कडेनं ओघळणारं मेण वितळणबिंदूच्या थोडंच वर असतं. पॅराफिन मेण त्याच्या प्रतीप्रमाणे साधारण ४६ ते ६८ अंशांच्या दरम्यान वितळतं. एवढ्या उष्णतेनं धागा जळत नाही. उलट कापडाला टेकताक्षणी थेंबाचा तळ थंड पडू लागतो. घट्ट विणीच्या रेशमावर तर तो बराचसा वरच राहतो. सैल विणीच्या सुती कापडात थोडा खाली झिरपतो आणि तिथेच अडतो. आपण काही केलं नाही तर तो स्वतःहून थांबतो. आपण पुसलं की हाताच्या दाबानं अजून पातळ असलेलं मेण धाग्याधाग्यांमधून आत रेटलं जातं.

पातळ असताना मेण किती पातळ असतं, याचाही अंदाज आपल्याला नसतो. दिसायला ते दाट, संथ वाटतं. प्रत्यक्षात चांगलं तापलेलं पॅराफिन पाण्यापेक्षा थोडंसंच दाट असतं. सुती धाग्याला ते सहज वर चढतं, आणि मेणबत्ती जळते ती त्याच जोरावर. वात म्हणजे वेणीसारखा विणलेला सुती धागा. वितळलेलं मेण तिच्या तंतूंमधल्या फटींतून वर खेचलं जातं, तिथे त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. टेबलक्लॉथचा धागाही त्याच जातीचा. त्याच्यावर पातळ मेण पडलं तर तो वातीचंच काम करणार. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे मेण काढताना आपल्याला हीच खोड उलटी वापरायची आहे.

मायकेल फॅरडेनं १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर नुसत्या मेणबत्तीवर एक अख्खी व्याख्यानमाला दिली होती. त्यात त्यानं दाखवलं की ज्योतीमुळे गरम झालेली हवा वर जाते, तिच्या जागी चहूबाजूंनी गार हवा येते, आणि ही गार हवा मेणबत्तीच्या काठाला लागून तो घट्ट ठेवते. म्हणून मध्ये वाटी तयार होते आणि वितळलेलं मेण त्या वाटीत राहतं. वाऱ्याची झुळूक एकाच बाजूनं आली की ज्योत कलते, एक काठ वितळतो आणि वाटी फुटते. कापडावर पडणारं बरंचसं मेण असं खिडकीच्या किंवा पंख्याच्या दिशेनं ओघळलेलं असतं. उरलेलं फुंकर मारताना उडतं. फुंकर जोरात मारली की वाटीतल्या मेणाचे शिंतोडे पार हातभर लांब जातात, आणि हे बारीक शिंतोडे मोठ्या थेंबापेक्षा जास्त छळतात. ज्योत झाकणीनं किंवा धातूच्या टोपीनं विझवली तर हा प्रश्नच उरत नाही. असो. सांडायचं ते सांडलेलं आहे असं धरून चालू.

मेण थिजलं की मग ते कशाचं आहे ते पाहावं. सगळं मेण सारखं नसतं, आणि नाजूक कापडावर हा फरक चटकन जाणवतो. पॅराफिन खनिज तेलातून निघतं. १८३० मध्ये कार्ल फॉन रायशेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ते प्रथम वेगळं केलं, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात ते मेणबत्त्यांत सर्वत्र आलं. ते थंड झालं की ठिसूळ होतं, पापुद्र्यानं निघतं. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांच्या आसपास वितळतं. पण ते वितळण्याआधी बराच काळ मऊ, चिवट, बोटाला चिकटणारं राहतं, म्हणून खोलीतल्या तापमानाला ते खरवडायला गेलं तर तुटण्याऐवजी लांबतं. सोयामेण म्हणजे हायड्रोजन घालून घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. बरण्यांमधल्या मेणबत्त्यांत हल्ली तेच बरंच दिसतं. ते मऊ असतं आणि कापडावर तेलकट पसरतं, पण मुळात तेल असल्यामुळे कोमट पाणी आणि साबणाला पॅराफिनपेक्षा कितीतरी लवकर दाद देतं. पॅराफिन साबणाला ओळखतही नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे पॅराफिन सांडल्यावर कापड भिजत घालणं, त्यावर साबण चोळणं, हे सगळं वेळ घालवणं आहे. वर एक अडचण म्हणजे ओल्या कापडातून मेण टिपता येत नाही.

आता कापडावर थिजलेला थेंब. तो जखमेवरच्या खपलीसारखा असतो. पिकायच्या आत उपटला तर खालचं घेऊन येतो, नीट सुकू दिला तर कडेपासून स्वतःच सुटायला लागतो. पिकवण्याचं काम इथे थंडी करते. छोटं कापड असेल तर ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बंद करून फ्रीजरमध्ये ठेवावं. पिशवी यासाठी की बाहेर काढल्यावर हवेतली वाफ कापडावर बसून ते ओलसर होऊ नये. रेशमावर पाण्याचेही वळ उठतात. पडदा किंवा सोफ्याचं कापड फ्रीजरमध्ये जाणार नाही. तिथे बर्फ पिशवीत घालून ती पिशवी थेंबावर धरावी. बर्फ थेट कापडावर ठेवू नये.

मला या कामातला हा टप्पा सर्वांत जास्त आवडतो. कच्च्या रेशमाचा एक पट्टा होता, मोतिया रंगाचा, टेबलाच्या मध्यावर अंथरायचा. त्यावर पांढऱ्या मेणाचे थेंब एका ओळीत पडलेले, सगळ्यात मोठा शर्टाच्या बटणाएवढा. फ्रीजरमधून काढल्यावर तो चकचकीत राहिला नव्हता, धुरकट दिसत होता. पट्टा मी तर्जनीवर थेंबाच्या अगदी खाली अलगद वाकवला. घडी पडेल इतका नाही, बोटाच्या गोलाईइतकाच. थेंबाच्या कडेला केसाएवढी एक रेघ उमटली. बारीक ‘टक्’ असा आवाज झाला. रेशीम वाकतं, गारठलेलं मेण वाकत नाही. दोघांच्या स्वभावातल्या फरकानं त्यांना वेगळं केलं, माझं त्यात फारसं काही नव्हतं. मग ती कड नखानं उचलली. नखसुद्धा आडवं धरून, उभं खुपसून नाही. थेंब निघाला तेव्हा त्याच्या पोटावर कापडाची वीण जशीच्या तशी उमटलेली होती, उभे-आडवे धागे मोजता येतील इतकी स्वच्छ. कच्च्या रेशमात मधूनच येणारी एक जाड गाठही त्यात दिसत होती.

सुरी वापरू नये का? बोथट सुरी वापरावी असं बरेच जण सांगतात, आणि जाड सुती कापडावर ती चालतेही. तलम रेशीम, साटीन, लेस यांच्यावर मी प्लास्टिकच्या जुन्या कार्डाची कड वापरते किंवा नख. साटीनमध्ये धागे लांबवर मोकळे वर तरंगत असतात, त्याची चकाकी त्यातूनच येते. एक धागा धातूच्या कडेला अडकला की तिथे ओढ दिसते आणि ती कायमची राहते. लेसवर तर खरवडायचंच नाही. जाळीच्या छिद्रातलं मेण मागून बोटानं ढकललं तर गोळीसारखं खाली पडतं. भरतकामात दोन टाक्यांच्या मध्ये बसलेलं मेण लाकडी दातकोरणीनं काढावं, टाक्याच्या दिशेनं, आडवं नाही.

थेंब निघाला तरी बहुतेक वेळा खाली काहीतरी राहतं. किंचित गडद, किंचित पारदर्शक, स्पर्शाला ताठर. लोक म्हणतात, डाग पडला. खरं तर तिथे रंग अजिबात नसतो. कापड पांढरं दिसतं ते धाग्यांमध्ये हवा असते म्हणून. प्रकाश धाग्यातून हवेत, हवेतून पुन्हा धाग्यात जाताना दर वेळी थोडा विखुरतो आणि तो विखुरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परत येतो. हवेच्या जागी मेण भरलं की धागा आणि त्याच्या शेजारचा पदार्थ यांत प्रकाशाच्या दृष्टीनं फारसा फरक राहत नाही. प्रकाश न विखुरता आरपार जातो, म्हणून ती जागा समोरून गडद दिसते. तेच कापड खिडकीकडे धरून पाहिलं तर ती जागा आजूबाजूपेक्षा उजळ दिसते. मेण आत उरलंय की नाही हे ओळखायची ही सर्वांत सोपी खूण. दुसरी खूण, सुती कापडावर तरी, पाण्याचा एक थेंब सोडून पाहावा. स्वच्छ कापड तो पिऊन टाकतं. मेण असेल तिथे तो मोत्यासारखा वर बसतो.

याच ठिकाणी मला मिशेल शेव्हरल आठवतो. मेण आणि नाजूक कापड या दोन्ही गोष्टी ज्याच्या आयुष्यात एकत्र आल्या असा हा एक विलक्षण माणूस. चरबीतली आम्लं वेगळी करण्याचं मोठं काम या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं केलं. १८२५ मध्ये त्यानं गे-ल्युसॅक या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाबरोबर चरबीतून मिळणाऱ्या स्टिअरिक आम्लाच्या मेणबत्त्यांचं पेटंट घेतलं. धुरकट, वास मारणाऱ्या चरबीच्या मेणबत्त्यांची जागा मग हळूहळू कडक, स्वच्छ जळणाऱ्या मेणबत्त्यांनी घेतली. आणि त्याच सुमारास तो पॅरिसच्या गोबलँ या भिंतीवर टांगायची चित्रं कापडात विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. तिथे तक्रार आली की काळा रंग नीट चढत नाही, फिका दिसतो. त्यानं तपासून पाहिलं तर काळ्या रंगात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. त्यावर त्यानं पुढे सविस्तर लिहिलं. तो १०२ वर्षं जगला.

कापडावर मेणाचा उरलेला अंश पाहताना मी त्या काळ्या रंगाचा विचार करते. तो अंश कधीकधी इतका थोडा असतो की कापडाचा तेवढाच तुकडा वेगळा पाहिला तर दिसणारही नाही. शेजारच्या कोऱ्या, दुधाळ जागेमुळे तो दिसतो. म्हणून नुसत्या नजरेवर विसंबून घासत बसू नये. डोळ्यांना दिसतंय म्हणजे बरंच उरलंय असं नसतं.

उरलेलं मेण काढायला ऊब लागते आणि कागद लागतो. इथे वातीची ती खोड कामाला येते. मेण पुन्हा पातळ झालं की ते जिथे फटी बारीक आणि कोरड्या असतील तिकडे पळतं. टीपकागद, न छापलेला तपकिरी कागद, किंवा नक्षी नसलेला किचन रोलचा कागद म्हणजे अशा फटींचं जंगलच. कापडाच्या खाली एक, वर एक ठेवला की कापड आणि कागद यांच्यात मेणासाठी ओढाताण सुरू होते, आणि कोरडा, शोषणारा कागद ती बऱ्यापैकी जिंकतो. वर्तमानपत्र मात्र वापरू नये. छपाईची शाई गरम मेणात विरघळते आणि मेणाचा पांढरा प्रश्न काळा होऊन बसतो.

इस्त्री किती गरम ठेवायची यावर माझ्या भाचीशी नेहमी वाद होतो. तिचा फोन आला होता.

“मावशी, इस्त्री फुल्ल करू ना? पटकन निघेल.”

“कापड कुठलं आहे?”

“काय माहीत. चकचकीत आहे.”

“आतल्या शिवणीपाशी लेबल असेल ते वाच. आणि इस्त्री सगळ्यात खालच्या खुणेवर.”

“तेवढ्यानं वितळेल?”

लेबलवरच्या इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंशांपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. मेणाला ६०-७० पुरतात. म्हणजे एक ठिपकासुद्धा मेणाच्या गरजेपेक्षा जास्तच. त्याहून गरम इस्त्रीनं मेण काही जास्त वितळत नाही, धागा मात्र बिघडतो. भाचीचं कापड पॉलिएस्टर निघालं. पॉलिएस्टर वितळायला अडीचशेच्या वर तापमान लागतं, पण त्याच्या कितीतरी आधी, साधारण ७०-८० अंशांपासूनच, त्याचा धागा आतून सैल पडायला लागतो. अशा वेळी दाब दिला तर जी सुरकुती पडते ती पक्की बसते, आणि पृष्ठभाग दबून तिथे एक चमकदार ठसा उमटतो. मेण गेलं आणि इस्त्रीचा आकार राहिला, ही तक्रार मी भरपूर वेळा ऐकली आहे. त्यापुढे मेणाचा डाग परवडला.

म्हणून इस्त्री फिरवायची नाही. टेकवायची, दोन-चार सेकंद थांबायचं, उचलायची. कापडाची उलट बाजू वर ठेवायची. कागदावर तेलकट वर्तुळ उमटलं की कागद सरकवायचा, कोरडी जागा त्याखाली आणायची आणि पुन्हा टेकवायची. भरलेल्या कागदावर इस्त्री चालू ठेवली तर कागद प्यायलेलं मेण परत कापडाला देतो, आणि तेही पूर्वी नव्हतं तिथे. वर्तुळ उमटणं बंद झालं की काम झालं. वाफ बंद ठेवायची, कारण ओला कागद पीत नाही.

प्रत्येक कापडाची आपली तऱ्हा असते. सुती आणि लिनन सोशीक, त्यांच्याबद्दल फार लिहायला नको. रेशीम ऊब सहन करतं, मात्र कागदाच्या आडून आणि थोडाच वेळ. फार तापलं की पिवळट पडतं. लोकरीला कोरडी ऊब चालते. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की तिच्या धाग्यांवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं. व्हिस्कोज दिसायला रेशमासारखं असतं, पण ओलं झालं की त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते. ते भिजवून पिळणारा माणूस त्याला फाडायलाच बसलेला असतो. जरीसारख्या चमकत्या धाग्यात हल्ली बहुधा प्लास्टिकची पातळ पट्टी असते. तिच्यावर थेट इस्त्री गेली की ती आकसते आणि आजूबाजूचं कापड चुरमडतं.

मखमलीला मात्र थोडा वेळ द्यायला हवा. मखमल म्हणजे उभ्या लवेचं रान, आणि मेण त्या लवेच्या मुळाशी जाऊन बसतं. वरून काही टेकवलं की लव आडवी होते. गारठवून मेण तुकड्यातुकड्यानं सोडवणं हाच तिथे मुख्य उपाय, आणि तो चिकाटीचा आहे. लव जिकडे झुकते तिकडेच, मऊ ब्रशनं. उरलेल्यासाठी कापड पालथं घालावं, लव खाली, आणि तिच्याखाली जाड टॉवेल किंवा मखमलीचाच दुसरा तुकडा, म्हणजे लवेला रुतायला जागा मिळते. त्या दोन्हींच्या मध्ये एक पातळ कागद. मग पाठीमागून हलकी ऊब. सोफ्यावर ताणून बसवलेल्या कापडाला इस्त्री नेता येत नसेल तर केस वाळवायचा ड्रायर आणि हातात कागद. ड्रायरनं मेण पातळ होतं, कागदानं ते टिपायचं. टिपायचं म्हणजे टिपायचंच, पुसायचं नाही.

इथपर्यंत मेण पांढरं होतं असं मी धरून चालले. रंगीत मेण हा वेगळाच कारभार आहे, आणि लाल मेण तर फारच वाईट. मेणबत्तीचे रंग बहुधा तेलात विरघळणारे असतात. मेण वितळलं की ते त्याच्याबरोबर धाग्यात उतरतात. मेण कागदावर निघून गेलं तरी रंग मागे राहू शकतो. त्यामुळे रंगीत मेणाच्या बाबतीत थंडीचा टप्पा आणखी लांबवावा. निघेल तेवढं सगळं गारठवून काढावं, अगदी चुरासुद्धा झटकावा, आणि मगच ऊब द्यावी, तीही थोडी. इस्त्रीखाली एकदा लाल रंग पसरला की तो परत बोलावता येत नाही. उरलेल्या रंगावर कापसानं सर्जिकल स्पिरिट टिपून पाहतात. आधी आतल्या शिवणीवर एक ठिपका लावून, कापडाचा स्वतःचा रंग तर सुटत नाही ना, हे पाहावं. कडेकडून मध्याकडे टिपत जावं, म्हणजे वर्तुळ वाढत नाही. पांढऱ्या सुती कापडावर ऑक्सिजनवाला ब्लीच चालतो. क्लोरीनचा ब्लीच रेशमाला आणि लोकरीला दाखवूसुद्धा नये. हे दोन्ही धागे प्रथिनांचे, आणि तो त्यांना अक्षरशः खाऊन टाकतो. प्रथिनांचे डाग काढणारी एन्झाइम असलेली धुलाईची पावडरही रेशमापासून लांबच ठेवावी. ती डाग आणि धागा यांत भेद करत नाही.

नेलपॉलिश काढायचा द्रव लावू का, असं विचारणारेही भेटतात. त्यातलं ॲसिटोन पॅराफिनला फारसं विरघळवत नाही. ॲसिटेट नावाच्या कापडाला मात्र विरघळवतं, आणि पुष्कळशी चकचकीत अस्तरं नेमकी ॲसिटेटची असतात. म्हणजे डाग राहतो आणि कापड जातं. पेट्रोलचं तर नावही काढू नये. मेण त्यात विरघळतं हे खरं, पण त्याची वाफ घरभर पसरते आणि ठिणगीची वाट पाहते. ड्रायक्लीनिंगवाल्यांनीही हा धडा महागात घेतला. त्या धंद्याच्या सुरुवातीला टर्पेंटाइन, बेंझीन, नॅप्था असे पेट घेणारे द्रव वापरले जात आणि आगी लागत. पुढे न पेटणारे द्रव आले. कपडे पाण्याऐवजी वेगळ्या पद्धतीनं स्वच्छ करण्याचं एक पेटंट न्यूयॉर्कच्या थॉमस जेनिंग्ज या शिंप्यानं १८२१ मध्येच घेतलं होतं. अमेरिकेत पेटंट मिळालेला पहिला कृष्णवर्णीय माणूस म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्याची पद्धत नेमकी काय होती हे आज कोणालाच माहीत नाही, कारण १८३६ मध्ये पेटंट कार्यालयाला आग लागली आणि तो कागद जळून गेला.

ड्रायक्लीनिंगला देणं यात कमीपणा काही नाही. जुनं रेशीम, अस्तर लावलेले पडदे, कशाचं आहे ते कळत नाही असं कापड, ही सरळ तिकडे द्यावीत. फक्त देताना डाग मेणाचा आहे, मेणाचा रंग अमुक होता आणि घरी काय काय करून झालंय, हे स्पष्ट सांगावं. घरी लावलेला साबण लपवला तर त्यांचंही काम बिघडतं.

गंमत म्हणजे कापडावर मेण जाणूनबुजून ओतणारेही लोक आहेत. बाटिकचे कारागीर रेशमावर, सुती कापडावर गरम मेणानं चित्र काढतात. मेण असेल तिथे रंग चढत नाही. त्यांना मेण आत, आरपार जायला हवं असतं, वर बसून चालत नाही. म्हणून ते मेण चांगलं तापवून वापरतात. रंगवून झालं की कापड उकळत्या पाण्यात घालतात, मेण सुटून वर तरंगतं आणि ते गोळा करून पुन्हा वापरतात. राहिलेलं कागदात धरून इस्त्रीनं काढतात. म्हणजे आपण घाबरत घाबरत करतो ते सगळं त्यांच्या रोजच्या कामात आहे. फरक इतकाच की त्यांचं कापड आणि रंग उकळणं सोसतील असे आधीच निवडलेले असतात. आपल्या पडद्याला तो मान मिळालेला नसतो.

कुठे थांबायचं, हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच मोठा आहे. कागदावर वर्तुळ उमटणं थांबलंय, पाण्याचा थेंब कापड पितंय, तरी विशिष्ट कोनातून एक सावली दिसतेय. माणूस पुन्हा इस्त्री हातात घेतो. संग्रहालयांत जुनी कापडं सांभाळणारे लोक अशा वेळी हात आवरतात. चर्चमधल्या वेदीवरच्या वस्त्रांवर मेणाचे थेंब त्यांना नेहमीच भेटतात. धाग्याला धोका होत असेल तर ते थेंब तसेच ठेवतात आणि नोंद करून मोकळे होतात. घरातल्या कापडालाही ही सवलत द्यायला काय हरकत आहे? मेणाची सावली धाग्याचं काही वाकडं करत नाही. तिच्यावर धूळ थोडी लवकर बसेल, एवढंच. घासून फुललेला पोत, ओढलेला धागा, इस्त्रीचा चमकता ठसा, हे मात्र परत जागेवर येत नाहीत. टेबलावरचा पट्टा अर्धा हात सरकवला की सावली फुलदाणीखाली जाते, आणि मला तरी त्यात लबाडी वाटत नाही.

सगळं मेण निघाल्याची खात्री झाल्यावरच कापड धुवावं. कोमट पाणी, सौम्य द्रव साबण, न पिळता, सावलीत वाळत. खात्री नसेल तर मशीनमध्ये टाकूच नये. गरम पाण्यात उरलेलं मेण सुटतं आणि त्याच घाण्यातल्या दुसऱ्या कपड्यांवर जाऊन बसतं, किंवा निचऱ्याच्या नळीत गार होऊन थिजतं. हीच गोष्ट सिंकची. खरवडलेला चुरा आणि मेणाच्या बशीतलं उरलेलं पाणी मोरीत ओतायचा मोह होतो, वर गरम पाणी सोडलं की झालं असं वाटतं. गरम पाणी वळणापर्यंत गरम असतं, पुढे नाही. कापडावरचं मेण निदान डोळ्यांना दिसतं आणि नखाला लागतं. पाइपातल्या मेणासाठी प्लंबर बोलवावा लागतो. चुरा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा.